मैदान खुले झाले, खुर्ची कुणाची? : अमेरिकन कॉलेज बास्केटबॉल, वर्णद्वेष आणि जॉन मॅकलेंडन

'खेळात जात नसते' हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. ते बहुतेक वेळा अशा माणसाच्या तोंडून येते, ज्याला मैदानावर पाऊल टाकण्याआधी कुणी जात विचारलेली नसते. आता या वाक्याला एक नवा इंग्रजी जोडीदार मिळाला आहे, 'टीम कल्चर'. कंपन्यांच्या प्रशिक्षणात, स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये, मोटिवेशनल भाषणांत अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉल प्रशिक्षकांचे दाखले दिले जातात. शिस्त पाळा, 'मी' सोडा, 'आपण' म्हणा, कोचवर विश्वास ठेवा, यश मिळेल, असा त्याचा सारांश असतो.

आमचा प्रश्न साधा आहे. हे 'आपण' म्हणजे नेमके कोण? त्यात कुणाला प्रवेश होता आणि कुणाला नव्हता? सामना संपल्यावर टीममधला प्रत्येक जण एकाच टेबलावर जेवत होता का? आणि टीमचा निर्णय घेणाऱ्या खुर्चीवर कोण बसले होते? हे प्रश्न घेऊन अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलचा इतिहास वाचला, तर मोटिवेशनल भाषणांत ज्याचे नाव येत नाही असा एक माणूस मध्यभागी येऊन उभा राहतो. त्याचे नाव जॉन मॅकलेंडन.

कॅन्ससचा तलाव आणि महाडचे तळे

बास्केटबॉल हा खेळ डिसेंबर १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे सुरू केला. फळांच्या दोन टोपल्या, एक चेंडू आणि तेरा नियम एवढेच भांडवल होते. पुढे नेस्मिथ कॅन्सस विद्यापीठात आले आणि तिथेच आयुष्यभर शिकवत राहिले. १९१५ साली जन्मलेला मॅकलेंडन १९३३ मध्ये याच विद्यापीठात शारीरिक शिक्षणाची पदवी घ्यायला दाखल झाला. या अभ्यासक्रमातला तो पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. खेळाचा जनक त्याचा मार्गदर्शक होता, पण विद्यापीठाच्या बास्केटबॉल टीममध्ये त्याला जागा नव्हती. त्या टीमचे दार कृष्णवर्णीयांसाठी १९५० च्या दशकापर्यंत बंदच राहिले.

म्हणजे वर्गात बसून खेळाचे शास्त्र शिकायचे, आणि शेजारच्या मैदानावर तोच खेळ इतरांना खेळताना पाहायचा.

पोहणे हा पदवीच्या अभ्यासक्रमाचा भाग होता. मॅकलेंडन विद्यापीठाच्या जलतरण तलावात उतरला. तो बाहेर आल्यावर तलावातले सगळे पाणी सोडून देण्यात आले. आंबेडकरी वाचकाला इथे थांबून समजावून सांगण्याची गरज नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, आणि त्यानंतर त्या तळ्यात शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून ते 'शुद्ध' केले गेले. त्यानंतर काही वर्षांतच, हजारो मैल दूर, एका आधुनिक विद्यापीठात पाणी 'बाटले' म्हणून तलाव रिकामा होतो. एका ठिकाणी धर्मशास्त्राचा आधार होता, दुसऱ्या ठिकाणी वंशशास्त्राचा. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते ही समजूत मात्र दोन्हीकडे एकच होती.

मॅकलेंडन मागे हटला नाही. त्याने तलाव सर्वांसाठी खुला व्हावा म्हणून पाठपुरावा केला आणि तो खुला करून घेतला. नेस्मिथ त्याच्या पाठीशी राहिले, हेही नोंदवले पाहिजे. १९३६ मध्ये तो पदवीधर झाला, आयोवा विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि १९३७ मध्ये दक्षिणेत, डरहॅम शहरातील 'नॉर्थ कॅरोलिना कॉलेज फॉर निग्रोज' या कॉलेजात नोकरीला लागला. टीममध्ये ज्याला घेतले नाही, तो आता टीम घडवणार होता.

वेग ही विचारसरणी कशी बनते

त्या काळचे प्रस्थापित बास्केटबॉल संथ होते. चेंडू हळूहळू पुढे न्यायचा, ठरलेल्या जागा घ्यायच्या, दोन्ही पाय जमिनीवर रोवून नेम धरायचा. मॅकलेंडनने हे उलटे केले. चेंडू हातात आला की प्रतिस्पर्धी सावरण्याआधी धावत सुटायचे, आणि चेंडू गेला की स्वतःच्या टोपलीपाशी परत न जाता संपूर्ण मैदानभर समोरच्याला गाठायचे. आज ज्याला 'फास्ट ब्रेक' आणि 'फुल कोर्ट प्रेस' म्हणतात, त्याला शास्त्रशुद्ध रूप देणाऱ्या पहिल्या प्रशिक्षकांत मॅकलेंडनचे नाव येते. या खेळाचे बीज आपल्याला नेस्मिथकडून मिळाले असे तो सांगत असे. १९६५ मध्ये त्याने फास्ट ब्रेकवर स्वतंत्र पुस्तकच लिहिले.

अशा खेळाला दम लागतो. म्हणून तो खेळाडूंना मैदानाबाहेर लांब लांब पळवत असे. पाच जणांच्या जिवावर हा खेळ चालत नाही. बाकावरच्या माणसालाही तेवढेच तयार ठेवावे लागते, चेंडू एकट्याने मिरवता येत नाही, शेजारचा कुठे धावतोय हे न पाहता कळावे लागते. म्हणजे परस्परविश्वास ही इथे उपदेशाची गोष्ट राहत नाही, खेळाचीच ती गरज बनते.

गोरे समालोचक पुढे अनेक वर्षे अशा खेळाला 'नैसर्गिक', 'उपजत', 'शरीराच्या ताकदीचा' खेळ म्हणत राहिले. गोऱ्या खेळाडूची ती बुद्धी आणि काळ्या खेळाडूची ती 'नैसर्गिक देणगी', ही विभागणी आपल्या ओळखीची आहे. एकाकडे 'मेरिट' असते, दुसऱ्याकडे 'मेहनत'. मॅकलेंडनचा खेळ हा अभ्यास, प्रयोग आणि लेखन यांतून आलेला होता. ते ज्ञान होते, आणि ते ज्ञान एका कृष्णवर्णीय कॉलेजच्या छोट्या जिममध्ये तयार झाले होते.

कुलूपबंद दाराआडचा सामना

ही टीम किती चांगली होती? हे मोजायचे कसे, हाच मोठा प्रश्न होता. एनसीएए आणि एनआयटी या त्या काळच्या दोन्ही मोठ्या स्पर्धांत कृष्णवर्णीय कॉलेजांना बोलावणे नसे. दक्षिणेत गोऱ्या आणि काळ्या टीमने एकमेकांशी खेळणेच निषिद्ध होते.

त्याच डरहॅम शहरात ड्यूक विद्यापीठ होते, फक्त गोऱ्यांचे. युद्धकाळात तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात इतर राज्यांतून आलेले चांगले खेळाडू शिकत होते आणि त्यांची टीम जोरात होती. दोन्हीकडच्या काही विद्यार्थ्यांची वायएमसीएच्या बैठकांतून ओळख झाली, आणि त्यातून सामन्याची कल्पना निघाली. १२ मार्च १९४४, रविवारची सकाळ ठरली, कारण त्या वेळी शहर चर्चमध्ये असते. ड्यूकचे खेळाडू आडवळणाच्या रस्त्याने आले, डोक्यावर कोट ओढून जिममध्ये शिरले. दाराला आतून कुलूप लागले. प्रेक्षक नाहीत. निकाल लागला ८८-४४. मॅकलेंडनच्या पोरांनी दुप्पट गुणांनी सामना जिंकला.

पण आम्हाला त्याहून महत्त्वाचे वाटते ते पुढचे. सामना संपल्यावर दोन्ही टीम मिसळल्या, गोरे-काळे एकत्र करून नव्या दोन टीम केल्या आणि ते पुन्हा खेळले. बंधुता म्हणतात ती हीच, आणि तिचा क्रम लक्षात घ्या. आधी बरोबरीच्या नात्याने मैदानात उभे राहणे, मग एकत्र येणे. समता न देता 'आपण सगळे एक' म्हणणाऱ्यांची एकी आणि ही एकी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता एकमेकांपासून तोडता येत नाहीत, हे बाबासाहेबांनी संविधान सभेतल्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बजावले होते, ते याचसाठी.

हा सामना धोक्याचा खेळ होता का? त्याच वर्षी जुलै महिन्यात, त्याच डरहॅममध्ये, बुकर टी. स्पाइसली या कृष्णवर्णीय सैनिकाने बसमध्ये मागे जाऊन बसण्याच्या हुकमावरून वाद घातला आणि बसचालकाने त्याला गोळी घालून ठार मारले. अंगावर देशाचा लष्करी गणवेश होता. सर्व गोऱ्या ज्युरीने चालकाला निर्दोष सोडले. असे होते ते शहर. म्हणूनच सामन्याची बातमी छापली गेली नाही, गुणफलक कुठे नोंदला गेला नाही. स्कॉट एल्सवर्थ या इतिहासकाराने १९९६ मध्ये लेख लिहिला, तेव्हा ती गोष्ट जगापुढे आली. मधे ५२ वर्षे गेली.

'मेरिट असेल तर दिसतेच' म्हणणाऱ्यांनी या ५२ वर्षांचा हिशेब द्यावा. दार बंद ठेवायचे, निकालाची नोंद होऊ द्यायची नाही, आणि वर विचारायचे की तुमच्यात गुणवत्ता आहे कुठे!

खेळाडू कुठे झोपतो?

'टीम कल्चर'ची खरी परीक्षा मैदानाबाहेर होते. एक उदाहरण घेऊ. जॉन वूडन हे पुढे यूसीएलएचे जगप्रसिद्ध प्रशिक्षक झाले. मोटिवेशनल भाषणांतला 'यशाचा पिरॅमिड' तो यांचाच. १९४७ मध्ये ते इंडियाना स्टेट कॉलेजला होते. कॅन्सस सिटी येथील राष्ट्रीय स्पर्धेत कृष्णवर्णीयांना बंदी होती आणि त्यांच्या टीममध्ये क्लॅरेन्स वॉकर हा एक कृष्णवर्णीय खेळाडू होता. वूडन यांनी निमंत्रण नाकारले. हे चांगलेच केले. पुढच्या वर्षी बंदी उठली आणि वॉकर खेळला. पण त्याला टीमसोबत हॉटेलात राहता आले नाही. मैदानावर सहकारी, मैदानाबाहेर वेगळा.

त्याच कॅन्सस सिटीत १९५४ साली मॅकलेंडन आपली टीम घेऊन आला. आता तो नॅशव्हिलच्या टेनेसी ए अँड आय या कृष्णवर्णीय कॉलेजचा प्रशिक्षक होता. निमंत्रण आले तेव्हा त्याने अट घातली: आमची पोरे इतर टीम जिथे उतरतील त्याच हॉटेलात उतरतील आणि तिथेच जेवतील, नाहीतर आम्ही येणार नाही. अट मान्य झाली.

एकाने आपल्या खेळाडूसाठी निमंत्रण परत पाठवले, दुसऱ्याने निमंत्रण घेतले आणि अटही घातली. आम्ही दोघांच्या सद्हेतूंची तुलना करत नाही. फरक स्थानाचा आहे. ज्याने स्वतः तलाव रिकामा होताना पाहिला, त्याला माहीत होते की खेळायला मिळणे म्हणजे अर्धाच प्रवेश. उरलेला अर्धा जेवणाच्या टेबलावर आणि झोपायच्या खोलीत मिळवावा लागतो.

आपल्याकडचा पुरावा हवा असेल तर पळवणकर बाळू आठवा. पुण्यात सवर्ण खेळाडू त्यांच्या गोलंदाजीवर सामने जिंकत, पण चहाच्या वेळी बाळूंना तंबूबाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणाऱ्या या खेळाडूला हिंदू संघाचे कर्णधारपद कधीच मिळाले नाही. ते मिळायला त्यांचा धाकटा भाऊ विठ्ठल यांची पाळी यावी लागली, १९२३ मध्ये.

मॅकलेंडनच्या टेनेसीच्या टीमने १९५७, १९५८ आणि १९५९ अशी सलग तीन वर्षे एनएआयएचे राष्ट्रीय विजेतेपद जिंकले. कॉलेज बास्केटबॉलमध्ये सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवणारा तो पहिला प्रशिक्षक. वूडन यांचे पहिले विजेतेपद यानंतर पाच वर्षांनी, १९६४ मध्ये आले. मोटिवेशनल भाषणांत तुम्ही कोणाचे नाव ऐकले, हे आठवून पाहा.

तारणहाराची गोष्ट

अमेरिकेत वर्णभेद मोडल्याची जी बास्केटबॉल-कथा सर्वाधिक सांगितली जाते, ती १९ मार्च १९६६ ची. टेक्सास वेस्टर्नच्या टीमने एनसीएएच्या अंतिम सामन्यात पाच कृष्णवर्णीय खेळाडू सुरुवातीपासून उतरवले आणि केंटकीच्या सर्व-गोऱ्या टीमला ७२-६५ असे हरवले. प्रशिक्षक डॉन हॅस्किन्स गोरे होते. २००६ मध्ये 'ग्लोरी रोड' हा चित्रपट आला आणि गोष्ट पक्की झाली: एका गोऱ्या प्रशिक्षकाने काळ्या पोरांना संधी दिली आणि इतिहास घडवला.

हॅस्किन्स स्वतः म्हणत राहिले की मी फक्त माझे सर्वोत्तम खेळाडू खेळवले. त्यांचा प्रामाणिकपणा आम्ही मान्य करतो. आमचा आक्षेप गोष्ट सांगणाऱ्यांवर आहे. १९६८ मध्ये 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' मासिकात जॅक ओल्सन यांची कृष्णवर्णीय खेळाडूंवरची लेखमाला आली. तिने याच कॉलेजवर कठोर टीका केली होती: खेळाडू म्हणून हवे, विद्यार्थी आणि माणूस म्हणून नको. ही बाजू तारणहाराच्या गोष्टीत बसत नाही.

आणखी एक योगायोग पाहा. त्याच १९६६ साली मॅकलेंडन क्लीव्हलँड स्टेटचा मुख्य प्रशिक्षक झाला. बहुसंख्य गोऱ्यांच्या विद्यापीठात या पदावर बसलेला तो पहिला कृष्णवर्णीय माणूस. त्यावर चित्रपट नाही. खेळाडूला मैदानात घेणे ही उदारता म्हणून साजरी होते. खुर्चीवरचा हक्क सांगणारा माणूस कुणाच्या उदारतेचा पुरावा ठरत नाही, म्हणून त्याची गोष्ट विकली जात नाही.

त्यानंतर काय झाले हे आपल्या चळवळीने नीट अभ्यासले पाहिजे. मोठ्या गोऱ्या विद्यापीठांनी दारे उघडली आणि उत्तम कृष्णवर्णीय खेळाडू तिकडे गेले. त्यांना घडवणारे प्रशिक्षक मात्र मागेच राहिले. विन्स्टन-सेलम स्टेटचे क्लॅरेन्स 'बिग हाउस' गेन्स यांनी कारकिर्दीत ८२८ सामने जिंकले, १९६७ मध्ये राष्ट्रीय विजेतेपदही मिळवले. १९४६ ते १९९३ ते त्याच कृष्णवर्णीय कॉलेजात राहिले. शाळांचेही तेच. १९५४ च्या ब्राऊन निकालानंतर शाळा एकत्र झाल्या तेव्हा दक्षिणेत हजारो कृष्णवर्णीय शिक्षक आणि मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. मुले सामावली गेली, त्यांचे गुरुजन नाही.

प्रवेश आणि प्रतिनिधित्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाबासाहेब जेव्हा मंदिरप्रवेशाच्या पुढे जाऊन कायदेमंडळातल्या आणि नोकऱ्यांतल्या जागांचा आग्रह धरत होते, तेव्हा ते हाच फरक सांगत होते. आत घेतले म्हणजे निर्णयात घेतले असे होत नाही.

थॉम्पसन यांचा टॉवेल

प्रतिनिधित्वाने नेमके काय बदलते? जॉन थॉम्पसन हे त्याचे उत्तर आहे. १९७२ मध्ये ते वॉशिंग्टनमधील जॉर्जटाउन विद्यापीठाचे प्रशिक्षक झाले आणि १९८४ मध्ये एनसीएएचे मुख्य विजेतेपद जिंकणारे पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक ठरले. 'पहिले' म्हणून कौतुक झाले तेव्हा ते चिडले. माझ्याआधी कुणी लायक नव्हते असा त्याचा अर्थ होतो, लायक होते पण संधी नाकारली गेली, असे त्यांनी सुनावले. मॅकलेंडन, गेन्स यांची आठवण ठेवणारे हे उत्तर होते. त्यांच्या टेबलावर हवा गेलेला एक बास्केटबॉल असे. उद्या चेंडूतली हवा गेली तर तुझ्याकडे काय उरेल, असा प्रश्न त्यातून ते पोरांना विचारत. त्यांच्याकडे चार वर्षे पूर्ण करणाऱ्या बहुतेक सर्व खेळाडूंनी पदवी घेतली.

जानेवारी १९८९ मध्ये एनसीएएने 'प्रपोझिशन ४२' हा नियम मंजूर केला. ठरावीक शालेय गुण आणि प्रवेश परीक्षेत ठरावीक गुण नसतील, तर त्या खेळाडूला पहिल्या वर्षी शिष्यवृत्ती नाही. ही परीक्षा गरीब आणि कृष्णवर्णीय मुलांच्या विरोधात झुकलेली आहे, हे थॉम्पसन यांचे म्हणणे होते. १४ जानेवारी १९८९ रोजी बोस्टन कॉलेजविरुद्धचा सामना सुरू होण्याआधी त्यांनी खांद्यावरचा टॉवेल सहायकाकडे दिला आणि ते मैदानातून निघून गेले. देशभर चर्चा झाली, आणि पुढच्या वर्षी एनसीएएला नियम सौम्य करावा लागला.

इथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. महान टेनिसपटू आर्थर ॲश स्वतः कृष्णवर्णीय होते आणि त्यांनी कडक शैक्षणिक निकषांची बाजू घेतली. कॉलेजे आपल्या पोरांना वापरून फेकतात, निकष कडक झाले तर शाळा त्यांना शिकवायला लागतील, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो फालतू नाही. शिक्षणाचा आग्रह हा बाबासाहेबांचाच आग्रह आहे. पण निकषाचा भार कुणावर टाकला? ज्या शाळेने शिकवले नाही तिला दंड नाही, ज्या राज्याने पैसा दिला नाही त्याला दंड नाही, दंड सतरा वर्षांच्या मुलाला. नीटच्या गुणांवरून ग्रामीण, गरीब मुलांची 'लायकी' काढणाऱ्यांना हेच विचारायचे आहे.

थॉम्पसन ती खुर्ची सोडून जाऊ शकले, कारण ते त्या खुर्चीवर होते. खेळाडू निघून गेला असता तर दुसरा उभा केला असता. मुख्य प्रशिक्षक निघून गेला तेव्हा व्यवस्थेला थांबावे लागले.

आपल्यासाठी

१९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या निवेदनाची माहिती मागवली होती. दुसऱ्यांचा लढा ते भावनेपोटी वाचत नव्हते, आपल्या लढ्यासाठी हत्यार शोधत होते. आपणही तसेच वाचूया.

मॅकलेंडनला बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये १९७९ मध्ये घेतले, ते 'योगदान देणारा' म्हणून. 'प्रशिक्षक' म्हणून मान मिळायला २०१६ उजाडले. तोवर त्याच्या मृत्यूला १७ वर्षे झाली होती. त्याच्या तीन विजेत्या टीमना तो मान २०१९ मध्ये मिळाला, आणि त्यासाठी त्याच टीमचा खेळाडू डिक बार्नेट वर्षानुवर्षे झगडत राहिला. आपला इतिहास दुसरा कुणी नोंदवणार नाही, हा धडा बार्नेटने दिला आहे. वस्तीतल्या जुन्या कबड्डीपटूंची, कुस्तीगिरांची, फुटबॉल मंडळांची नावे-निकाल कुणाकडे लिहिलेले आहेत? ज्यांनी खेळ पाहिला ती माणसे आहेत तोवर हे काम करा.

दुसरे, खेळणाऱ्या पोरांना फक्त खेळाडू होऊ देऊ नका. प्रशिक्षक, पंच, निवड समितीचा सदस्य, क्रीडा पत्रकार, संघटनेचा पदाधिकारी, या खुर्च्यांकडे पाहायला शिकवा. शारीरिक शिक्षणाची पदवी ही दुय्यम पदवी नाही. मॅकलेंडनने ती घेताना एका विद्यापीठाच्या तलावाचे कुलूप काढले.

तिसरे, आपल्याच टीम तपासा. आपल्या मंडळात, वसतिगृहात, अभ्यासिकेत मुलींना मैदान मिळते का? पोटजातीवरून पंगती पडतात का? निर्णय दोघे-चौघेच घेतात का? 'आपण' म्हणण्याआधी हे प्रश्न आम्हाला आणि तुम्हाला दोघांनाही लागू आहेत.

आणि पुढच्या वेळी कुणी व्यासपीठावरून 'टीम कल्चर' शिकवायला लागले, तर त्याला शांतपणे विचारा: तुमच्या टीममध्ये कोण आहे, तो जेवतो कुठे, आणि खुर्चीवर कोण बसले आहे?

जय भीम!